मसाला कंपनीची 'ऑनलाईन पार्टी': यजमान व्हावं का?

उदगीरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर त्यांचं स्वयंपाकाचं पेज आहे. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ), काळं तिखट, धपाटे, येळवसची म्हणजे वेळ अमावास्येची भज्जी असं आपल्याकडचं खाणं त्या दाखवतात. आता एका मसाला कंपनीनं संक्रांतीच्या तोंडावर 'ऑनलाईन पार्टी' ठेवायची म्हणून त्यांना यजमान व्हायला सांगितलंय. रात्री एक तास, कंपनीनं दिलेला हॅशटॅग, कंपनीचेच पाच-सहा प्रश्न आणि उत्तरं देणाऱ्यांतून दहा जणींना मसाल्यांची पेटी. ताईंना थोडं मानधन आणि एक मोठी पेटी. मैत्रिणींत दोन तट पडलेत. एक म्हणते, फुकट मिळतंय, करमणूक होते, बिघडलं काय? दुसरी म्हणते, तुझं पेज आम्ही पदार्थांसाठी बघतो, कंपनीची दवंडी ऐकायला नाही. ताईंनी विचारलंय की लोकांचं अशा पार्ट्यांबद्दल खरं मत काय असतं, आणि हे काम घ्यावं का.

मी छत्रपती संभाजीनगरात दुकानदारांची आणि कंपन्यांची सोशल मीडियाची कामं करते. म्हणजे अशा पार्टीत पडद्यामागे कंपनीच्या बाजूनं बसलेली मीच असते. म्हणून उत्तर आधी देऊन टाकते: काम घ्या, पण कंपनीनं पाठवलेल्या साच्यात करू नका. त्या साच्यात हॅशटॅग कंपनीचा असतो आणि माणसं तुमची असतात. उद्या काही बिनसलं तर कंपनी पुढच्या गावाला जाते. तुम्हाला मात्र उदगीरच्या बाजारात त्याच बाया रोज भेटणार आहेत.

हा साचा मुळात अमेरिकेतला. २००७ साली ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना पुढे आली आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या ब्लॉग लिहिणाऱ्या आयांना हाताशी धरून कंपन्या 'ट्विटर पार्टी' भरवू लागल्या. वेळ ठरलेली, यजमान एक, दर दहा मिनिटांनी प्रश्न, मध्येमध्ये बक्षीस. पुढे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ते चांगलंच बोकाळलं. मराठवाड्यातल्या घरातल्या बाया मात्र ट्विटरवर, आताच्या एक्सवर, फारशा कधी नव्हत्याच. आपलं माणूस फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, मग टिकटॉकवर आणि २०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झाल्यावर इन्स्टाग्रामच्या रीलवर. तरी पुण्या-मुंबईतल्या जाहिरात एजन्सीच्या संगणकात साचा तोच पडून राहिला. जागा बदलली, नाव बदललं, प्रश्न तेच: 'आमच्या मसाल्यानं तुमच्या स्वयंपाकात काय जादू केली?'

आता कंपनी यातून काय घेऊन जाते ते बघा, कारण तिथंच या प्रकाराची मेख आहे. पार्टी संपली की एजन्सी कंपनीला एक अहवाल देते आणि त्यात सगळ्यात वर एक मोठा आकडा असतो. तो कसा बनतो ते उदाहरणानं सांगते. समजा साठ जणींनी भाग घेतला. प्रत्येकीनं हॅशटॅग लावून पंधरा वेळा लिहिलं. प्रत्येकीला सरासरी आठशे फॉलोअर. साठ गुणिले पंधरा गुणिले आठशे, म्हणजे ७ लाख २० हजार. अहवालात छापून येतं, 'सात लाख लोकांपर्यंत पोहोचण्याची क्षमता'. क्षमता हा शब्द बारीक अक्षरात. वास्तविक त्या साठ जणी एकमेकींच्याच ओळखीच्या, त्यांचे फॉलोअरही बरेचसे तेच, आणि एकाच बाईचे पंधरा मेसेज पंधरा माणसं म्हणून मोजलेले. शिवाय रात्री नऊ ते दहा फोन हातात असलेले त्यातले किती आणि लिहिलेलं वाचलेले किती, हा हिशोबच नाही.

मार्केटिंगच्या मॅनेजरला हे ठाऊक नसतं असं समजू नका. त्यालाही वर दाखवायला आकडा हवा असतो. म्हणूनच तुम्हाला सांगितलं जातं की प्रत्येक उत्तर वेगळ्या पोस्टमध्ये लिहायला लावा, दरवेळी हॅशटॅग लावायला सांगा, पाच मैत्रिणींना टॅग करायला सांगा. ही सगळी धावपळ त्या गुणाकारासाठी चाललेली असते. मसाला विकला जाण्याशी तिचा संबंध लांबचा.

मग लोकांचं मत काय? पार्टीत येणाऱ्यांत एक मोठा गट बक्षिसासाठी येणाऱ्यांचा असतो. त्यांचं प्रोफाइल उघडलं की कळतं. स्वतःचा फोटो क्वचित, बाकी नुसते स्पर्धांचे हॅशटॅग: सकाळी टूथपेस्ट, दुपारी विमा, रात्री मसाला. एजन्सीतली पोरं त्यांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. एखादी बाई घरकाम आवरून दुपारच्या दोन तासांत कुकर, चादर, रिचार्ज मिळवत असेल तर ती तिच्या वेळेचा हिशोब नीट करतेय. फक्त एवढं ओळखा की ती तुमच्या येसरसाठी आलेली नाही आणि उद्या परत येणार नाही. अशांना पार्ट्या आवडतात, त्यांचं मत कायम चांगलंच असतं. कंपनी जे 'प्रतिसाद उत्तम होता' म्हणते त्यात यांचा वाटा मोठा.

तुमच्या नेहमीच्या बाया वेगळ्या. त्यांतल्या काही जणी हौसेनं येतात, कारण तुम्ही बोलावलं म्हणून. त्यांना मसाल्याचं सोयरसुतक नसतं. नाव घेऊन 'अगं, तू पण आलीस!' असं तुम्ही लाईव्हमध्ये म्हणालात की त्यांचं पोट भरतं. आणि उरलेल्या, संख्येनं सगळ्यात जास्त, त्या येतच नाहीत. पण त्यांच्या फोनवर तासभर तुमचं आणि तुमच्या मैत्रिणींचं तेच तेच येत राहतं. त्या तक्रार करत नाहीत. गपगुमान तुम्हाला म्यूट करतात आणि नंतर तुमचा खरा पदार्थ आला तरी त्यांना दिसत नाही. हा तोटा कुठल्याच अहवालात येत नाही. तुमची जी मैत्रीण दवंडी म्हणाली ना, ती या गप्प बसणाऱ्यांच्या वतीनं बोललीये. तिचे आभार माना.

खरं तर आपल्या बायकांना प्रायोजक नवा नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावात मंगल कार्यालयात हळदीकुंकू असतं. दारात साडीच्या दुकानाचा फलक, वाण एखाद्या सराफाकडून, पैठणीचा खेळ, उखाणे, संगीत खुर्ची. कुणी म्हणत नाही की ही जाहिरात आहे, मी येणार नाही. तिथं हे का चालतं आणि फोनवर का खटकतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. एक म्हणजे फलक दारातच असतो, पैसा कुणाचा ते आत येण्याआधी कळतं. दुसरं, जिला यायचं नाही तिच्या घरात त्या कार्यक्रमाचा आवाज जात नाही. आणि तिसरं माझ्या मते सगळ्यात मोठं: पैठणी एकीलाच मिळते, पण वाण प्रत्येकीला मिळतं. रिकाम्या हातानं कुणी घरी जात नाही. कंपनीच्या साच्यात नेमक्या या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. फलक लपवलेला, आवाज सगळ्या गल्लीत, आणि दहा जणींना पेटी मिळाली की बाकीच्या दोनशे जणींना 'भाग घेतल्याबद्दल धन्यवाद'.

तेव्हा तुमच्या कामाला इथून सुरुवात करा. पार्टी सगळ्यांच्या फीडवर पसरू देऊ नका. एक लाईव्ह घ्या, किंवा एकच पोस्ट टाका आणि सगळी उत्तरं तिच्याच खाली कमेंटमध्ये येऊ द्या. जिला यायचं ती येईल, बाकीच्यांना त्रास नाही. कंपनी म्हणेल, यात हॅशटॅगचा आकडा येत नाही. बरोबर आहे, येत नाही. त्याऐवजी किती जणी शेवटपर्यंत थांबल्या, किती जणींनी मनापासून दोन ओळी लिहिल्या, कूपन दिलं असेल तर ते किती दुकानांत वापरलं गेलं, हे आकडे द्यायची तयारी दाखवा. शहाणा ब्रँड मॅनेजर ते घेतो. जो घेत नाही, त्याला मसाला विकण्यापेक्षा अहवाल विकायचाय.

वाणाचंही तसंच. दहा पेट्या ठेवा, पण येणाऱ्या प्रत्येकीला काहीतरी द्या. पैशाचंच असायला हवं असं नाही. आपल्याकडच्या पाच मसाल्यांची प्रमाणं लिहिलेलं एक सुबक पान, ज्यावर कंपनीचं नाव कोपऱ्यात लहानसं असेल, हे बाया फोनमध्ये जपून ठेवतात आणि मुलीला पाठवतात. कंपनीसाठी ते सगळ्यात टिकाऊ. येसरचं प्रमाण लिहून द्यायला जीव होत नसेल तर नका देऊ, ते तुमच्या सासूबाईंचं असेल. गोड्या मसाल्याचं द्या.

आता फलक दारात लावायचा म्हणजे काय, ते कायद्याच्या भाषेत. जाहिरात मानक परिषदेनं, जिला सगळे 'अ‍ॅस्की' म्हणतात, २०२१ च्या मे महिन्यात सोशल मीडियावरच्या प्रभावकांसाठी, म्हणजे इन्फ्लुएन्सरसाठी, नियम काढले. पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, यातलं काहीही घेतलं असेल तर ते पोस्टवर ठळक सांगायचं. ही परिषद उद्योगांनी मिळून चालवलेली. पण पुढच्याच वर्षी, ९ जून २०२२ ला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं प्रभावकांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका दिली. त्यामागे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उभा आहे. दिशाभूल ठरली तर दंड १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्ष, पुन्हा झालं तर तीन वर्षांपर्यंत बंदी घालता येते. उदगीरच्या पेजवर उद्या कुणी दंड ठोकायला येणार नाही, ते मलाही कळतं. पण करारावर सही तुमची असते, आणि अंगाशी आलं तर कंपनीचा वकील पहिलं बोट 'प्रभावकानं सांगितलं नाही' म्हणून तुमच्याकडेच दाखवणार.

करायचं सोपं आहे. पोस्टच्या पहिल्याच ओळीत मराठीत 'जाहिरात' किंवा 'अमुक कंपनीसोबत सशुल्क भागीदारी' असं लिहा. तुम्ही बोलताय मराठीत, तर खुलासाही मराठीत हवा. वीस हॅशटॅगच्या शेपटीत सतरावा म्हणून दडवलेला चालत नाही, आणि 'आणखी वाचा' दाबल्यावर दिसणाराही नाही. लाईव्ह असेल तर २०२३ च्या पुस्तिकेप्रमाणे तो खुलासा पूर्ण वेळ पडद्यावर दिसत राहिला पाहिजे. ओट्यामागे एक पाटी लावून ठेवा, झालं. सुरुवातीला आणि शेवटी तोंडानंही सांगा, कारण मध्येच आलेल्या बाया पाटी बघत नाहीत, तुमच्या हाताकडे बघतात. इन्स्टाग्रामचं 'पेड पार्टनरशिप'चं लेबल मिळत असेल तर तेही लावा, पण तेवढ्यावर भागवू नका. खुलाशानं लोक पळतात अशी भीती एजन्सी घालते. माझा अनुभव उलटा आहे. 'हे मला पैसे देतात, पण हळद मी पंधरा दिवस घरात वापरून पाहिली' असं सरळ सांगणाऱ्या बाईला लोक जास्त विश्वासानं विचारतात. आणि ते वापरून पाहणंही नियमातच आहे. शिफारस तुमच्या खऱ्या, अलीकडच्या अनुभवावर किंवा पुरेशा माहितीवर आधारलेली असावी लागते. पेटी पार्टीच्या आदल्या दिवशी कुरिअरनं येणार असेल तर तारीख पुढे ढकला.

बक्षिसाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण सगळ्या पार्ट्यांची बदनामी तिथं होते. कंपनी चार ओळींचे नियम देत नसेल तर तुम्हीच लिहून घ्या: भाग कोण घेऊ शकतं, वेळ किती वाजेपर्यंत, विजेत्या कशा निवडणार, निकाल कुठे आणि कधी लागणार, वस्तू किती दिवसांत पोहोचणार. बक्षीस योजना संपल्यावर भाग घेणाऱ्यांपासून निकाल दडवून ठेवणं ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. तेव्हा 'विजेत्यांना मेसेज केलाय' एवढं पुरत नाही. ज्या पेजवर पार्टी झाली तिथंच नावं लावा. वस्तू विकत घेतली तरच चिठ्ठी टाकायची, अशी अट असेल तर त्या वाटेला जाऊच नका. नशिबाच्या खेळाला पैसे लावले की ते लॉटरीच्या अंगणात जातं, आणि ते अंगण निसरडं आहे. प्रश्नाचं उत्तर, पदार्थाचा फोटो, उखाणा, यांतून चांगलं निवडायचं ठेवा. उखाण्यांचा परीक्षक म्हणून गावातल्या एखाद्या जुन्या शिक्षिकाबाईंना बसवा, निकालावरून भांडण होत नाही.

'मैत्रिणींना टॅग करा, आपल्या टाइमलाइनवर शेअर करा म्हणजे तुम्ही स्पर्धेत' ही अट फेसबुकच्या स्वतःच्या नियमांत बसत नाही. बक्षीस योजनेसाठी वैयक्तिक टाइमलाइन आणि मित्रयादी वापरायला तिथं मनाई आहे, आणि या योजनेशी फेसबुकचा संबंध नाही असं स्पष्ट लिहावंही लागतं. सर्रास मोडला जाणारा नियम आहे. पण कुणी तक्रार केली तर उडतं ते तुमचं पेज, कंपनीचं नव्हे. 'मोफत' हा शब्दही सांभाळून वापरा. पॅकिंग, हाताळणी अशा नावांनी विजेतीकडून पैसे घ्यायचे आणि वर वस्तू मोफत म्हणायची, हे २०२२ च्या तत्त्वांत बसत नाही. पेटी पोहोचवायचा खर्च कंपनीनंच करावा, आणि पिनकोड आधी बघावा. कुरिअर लातूर शहरात येतं, देवणी-जळकोटच्या वाडीवस्तीवर 'सेवा उपलब्ध नाही' म्हणतं, आणि मग जिंकलेली बाई दोन महिने तुम्हालाच फोन करत राहते. अशा ठिकाणी पोस्टाचं पार्सल बरं.

आणि हो, विजेत्यांचे फोन नंबर आणि पत्ते कमेंटमध्ये मागू नका. इनबॉक्समध्ये घ्या, बक्षीस पाठवण्यापुरतेच कंपनीला द्या, आणि ते विक्रीच्या यादीत टाकणार नाही असं लिहून घ्या. तुमच्या शब्दावर नंबर दिलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी दुपारी कर्जाचे फोन येऊ लागले तर ती कुणाला शिव्या देईल, सांगायला नको.

प्रश्न कोणते विचारायचे, यावर तास रंगतो किंवा पडतो. कंपनीचे प्रश्न हे स्तुतीसाठी लावलेले सापळे असतात, त्यांची उत्तरं एकसारखीच येतात. 'आमच्या काळ्या मसाल्याची तुमची आवडती खासियत कोणती?' याला कोण काय लिहिणार? तेच बदलून विचारा: तुमच्याकडे काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालतात? येसरमध्ये ज्वारी भाजून घालता की गहू? येळवसच्या भज्जीला तुमच्या शिवारातल्या कुठल्या भाज्या जातात? नांदेडची सून लातुरात आल्यावर मुरमुऱ्याच्या सुशीलावरून कुणाचं वाजलं? बघा मग, तुम्हाला थांबवावं लागेल. भोकरदनची बाई औशाच्या बाईला चुकीचं ठरवेल, तिसरी मध्ये पडेल, आणि त्या गर्दीत कंपनीचा मसाला ओट्यावर नुसता दिसत राहिला तरी त्याचं काम होतं. उलट यातली एखादी म्हणेल की विकतच्यात ती चव नाही. म्हणू द्या. ती कमेंट पुसायला कंपनीनं सांगितलं तर नाही म्हणा. शिवीगाळ पुसायची, तक्रार पुसायची नाही, हे करारातच घाला. 'डबा फुटका आला', 'मीठ जास्त आहे' अशा तक्रारीला कंपनीच्या माणसानं तिथंच, स्वतःच्या नावानं उत्तर द्यावं. त्यासाठी तो तासभर हजर असला पाहिजे. तो येणार नसेल तर ही त्यांची पार्टी कसली?

एका गोष्टीवर मात्र तुम्ही स्वतः डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. गप्पांच्या ओघात कुणीतरी लिहितंच: 'या हळदीनं माझी शुगर खाली आली', 'सांधेदुखी गेली'. कंपनीची पोरं लगेच ते उचलून पुढे पाठवतात. तिथं थांबवा. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या दाव्यांना १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपचार कायद्यात बंदी आहे, आणि पाहुणीच्या तोंडचा दावा तुम्ही किंवा कंपनीनं पुढे पाठवला की तो तुमचा होतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅस्कीनंही आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्या प्रभावकांना पात्रता असणं आणि ती सांगणं बंधनकारक केलंय. 'ताई, हळद चांगलीच, पण शुगरसाठी डॉक्टरांचं ऐका' एवढं लिहिलं की पुरे.

याच कारणानं बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांच्या कंपन्यांच्या ऑनलाईन पार्ट्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. हल्ली तेही सुरू झालंय: 'खरीप संवाद' म्हणून लाईव्ह, मध्ये प्रश्नमंजूषा, बक्षीस फवारणी पंप, यजमान एखादा लोकप्रिय शेतकरी यूट्यूबर. मसाला फसला तर एक आमटी वाया जाते. बियाणं फसलं तर हंगाम. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून आपल्या भागातून तक्रारींचा पूर आला होता आणि औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. अशा मालाची पार्टी घेणाऱ्याला माझा सल्ला एकच असतो: शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा माणूस बसवा, ज्याला कंपनी पैसे देत नाही. तो मिळत नसेल तर कार्यक्रम घेऊ नका. पण तुमचा प्रश्न मसाल्याचा आहे, तेव्हा हे एवढ्यावर थांबवते.

वेळेचं बोलू. कंपनीनं दिलेला रात्री नऊचा तास ठीक आहे, जेवणं आवरलेली असतात. पण तारीख पंचांग बघून घ्या. एजन्सीच्या कॅलेंडरमध्ये आपली येळवस नसते. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची अर्धी माणसं दिवसभर शेतात असतात, रात्री फोन बघायला कुणाला त्राण नसतं. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, सोयाबीनच्या काढणीचे दिवस, हेही टाळायचे. आणि तिकडून आलेली 'थीम' डोळे झाकून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये हमखास पाण्याशी खेळायची, पूल पार्टीची चित्रं येतात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बायांना ती दाखवायची म्हणजे कठीणच आहे. संक्रांतीच्या पार्टीला तिळगूळ आणि बाजरीची भाकरी पुरते, फुगे-कागदी टोप्या त्यांच्याकडेच राहू द्या.

पैशाचं शेवटी, कारण बाया ते शेवटीच विचारतात आणि तिथंच कमी पडतात. मोठी पेटी हे मानधन नव्हे. ती वापरून बघायची वस्तू आहे. एक तासाची पार्टी म्हणजे आधीची तयारी, चाचणी, आमंत्रणं, नंतर विजेत्यांचे फोन, सगळं मिळून चार-पाच दिवसांचं काम असतं. त्या दिवसांचा भाव लावा. निम्मे पैसे आधी घ्या, उरलेले कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या. 'पार्टी झाल्यावर बघू' याचा अर्थ एजन्सीच्या भाषेत तीन महिने असा होतो. तुमचा व्हिडिओ कंपनी नंतर स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असेल तर त्याचे वेगळे पैसे आणि मुदत ठरवा, नाहीतर दोन वर्षांनी तुमचा चेहरा कुठल्यातरी दुसऱ्याच मसाल्याखाली फिरताना दिसेल. कराचंही एक ध्यानात असू द्या. जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षभरात २० हजारांच्या वर वस्तूरूपानं लाभ मिळाला तर त्यावर १० टक्के कर कापावा लागतो. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरत नाहीत. मसाल्याची पेटी त्यात येत नाही, पण उद्या कुणी मिक्सर-फ्रिज देऊ केला तर हे आठवा. नशिबावर काढलेलं बक्षीस १० हजारांच्या वर गेलं तर विजेतीच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापावा लागतो, आणि वस्तू हातात देण्याआधी तो भरला गेला पाहिजे. ती भानगड नको म्हणून मी छोटी आणि जास्त बक्षिसं ठेवायला सांगते.

तेव्हा कंपनीला आजच उत्तर पाठवा. असं काहीसं लिहा: 'पार्टी घ्यायला आवडेल. मी ती माझ्या पेजवर एका लाईव्हमध्ये घेईन, हॅशटॅगची सक्ती करणार नाही. सुरुवातीलाच आणि पूर्ण वेळ जाहिरात असल्याचं दिसेल. प्रश्न मी ठरवीन, तुम्ही तीन दिवस आधी बघून चूक असेल तर सांगा. मसाला मला पंधरा दिवस आधी हवा. आवडला नाही तर मी काम करणार नाही, पैसेही घेणार नाही. तुमचा माणूस तासभर हजर राहून तक्रारींना उत्तर देईल. येणाऱ्या प्रत्येकीला मसाल्याच्या प्रमाणांचं पान, दहा जणींना पेटी, तीही तीन आठवड्यांत घरपोच. निम्मं मानधन आधी.' यावर त्यांचा फोन आला आणि 'मॅडम, एवढं सगळं कशाला, दुसऱ्या तर नुसत्या पेटीवर करतात' असं म्हणाले, तर त्या दुसरीला करू द्या. तुम्ही त्या रात्री नऊला तिळाच्या वड्यांचा व्हिडिओ टाका.